माशी न बसलेली मोरी

माझं काम नेमकं काय, हे आईला कधीच नीट सांगता आलं नाही. ती रत्नागिरीच्या बाजारात सुकी मासळी विकायची. शेजारच्या पाटीवालीने विचारलं की ठोकून द्यायची, "मस्कतला असते लेक, विष तपासते." ती बाई हळूच आपली पाटी पलीकडे सरकवायची. चुकीचं काही नव्हतं त्यात. पाण्यात, मातीत, मासळीत, माणसाच्या रक्तात कुठलं विष उतरलंय आणि ते आलं कुठून, एवढंच मी शोधायचे. मस्कतमधल्या एका सल्लागार कंपनीत होते. जो बोलावेल त्याच्याकडे आम्ही आमच्या बाटल्या घेऊन जायचो.

माझी लहानपणची नोकरी मात्र सगळ्यांना कळायची. आईच्या पाटीशेजारी बसायचं आणि फडक्याने माश्या हाकलायच्या. बोंबलावर माश्या, सुकटीवर माश्या आणि मोरीवर तर थवेच्या थवे. मोरी म्हणजे लहान शार्क, मिठात घालून वाळवलेली. हात दुखून यायचा. "हाकल गो, झोपलीस काय?" असं आई डाफरली नाही असा एक बाजार मला आठवत नाही.

ही गोष्ट २०१० नंतरची. ओमानच्या किनाऱ्यावर दुक्मला बंदर झालं होतं आणि त्या सगळ्या ओसाड किनाऱ्यावर कामांचा सपाटा लागला होता. दुक्मच्याही खाली, वाळूतून बराच वेळ गाडी हाकली की एका बांधकाम कंपनीचा कॅम्प लागायचा. रस्ता आणि जेट्टी बांधत होते. पत्र्याच्या खोल्या, सगळे पुरुष, जेवणात रोज तीच डाळ. बाई म्हणून मी एकटी, तीसुद्धा महिन्यातले थोडे दिवस. कॅम्पच्या पुढे किनाऱ्यावर बदूंची, म्हणजे बेदुइन अरबांच्या एका टोळीची, वस्ती होती. प्लायवूडची घरं, शेळ्या, थोडे उंट, वाळूत ओढलेल्या होड्या. पिढ्यान् पिढ्या तिथल्याच समुद्रावर जगलेली माणसं.

कंपनीचं काम सुरू झाल्यापासून वस्ती आजारी पडायला लागली होती. मुलांना उलट्या, बायकांना चक्कर, हातापायांत गोळे, तोंडाला लाळ. शेळ्या तडफडून मरायच्या. वस्ती म्हणाली, कंपनीने समुद्र नासवला. कंपनी म्हणाली, तपासून घेऊ. आणि मला बोलावलं. त्यांना काय निघायला हवंय ते साहेबाच्या गोड बोलण्यावरून मला पहिल्याच दिवशी समजलं. मी मनात म्हटलं, शिरा पडो तुझ्या तोंडावर, तुझंच सांडपाणी बाटलीत भरून तुझ्या नाकाखाली धरीन.

माझं अरबी म्हणजे यल्ला, खलास आणि भाजीवाल्याशी घासाघीस. वस्तीत बोलायला दुभाषी पाहिजे होता, तो मिळाला कॅम्पच्या स्टोअरमध्ये. स्टोअरकीपर आमच्याच रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले मुसलमान, ओमानमध्ये उभी हयात गेलेली. आधी सहमला दुकानात होते, मग सलालाहला, मग इथे. अरबी असं बोलायचे की वस्तीतले लोक त्यांना आपलाच समजायचे. मी त्यांना चाचा म्हणायला लागले. ते मला बाय म्हणायचे, आमच्याकडे लेकीला म्हणतात तसं.

"काय गो बाय, आज कुनाचा रगत काडतंस?" हे त्यांचं सकाळचं नमस्काराऐवजी असायचं.

"तुमचंच काढते, या इकडे."

"माज्या रगतात नुसती चाय गावंल तुला."

वस्तीत आम्ही पहिल्यांदा गेलो ते एका म्हाताऱ्या बाईकडे. तिथे तिचा शब्द चालायचा. तोंडावर काळा बुरखा, त्यातून नुसते डोळे दिसत आणि ते डोळे माणसाला तासून बघत. सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत, मीही म्हणायला लागले. तिच्या घरात पोटुशी सून होती. आधी दोनदा पोटातलं गेलेलं. खालाने माझ्या बाटल्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. तिने माझं मनगट धरलं आणि चाचांना म्हणाली, "हिला सांग, मला समुद्राचं काय ते नको. माझ्या सुनेला काय घालू आणि काय घालू नको, एवढं हिने सांगावं. या खेपेला मूल हातात आलं पाहिजे."

चाचांनी ते मला मराठीत सांगितलं आणि मग आपणहून तिच्याशी अरबीत काहीतरी बोलत बसले. गाडीत बसल्यावर कळलं. त्यांचीही लेक पोटुशी होती. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, दवाखाने झाले, नवस झाले, सासरच्यांचे टोमणे ऐकून झाले, आणि एवढ्या वर्षांनी दिवस राहिले होते, सहावा महिना चालू होता. खालाला ते ठाऊक होतं. दर खेपेला ती आधी त्यांच्या लेकीची विचारपूस करायची, मग आमच्यापुढे खजूर ठेवायची.

मी कामाला लागले. समुद्राचं पाणी घेतलं, जेट्टीजवळचं घेतलं, लांबचं घेतलं. वाळू घेतली. जिवंत मासळी घेतली. टँकरने येणारं पिण्याचं पाणी घेतलं. सगळं बर्फात घालून मस्कतच्या लॅबला पाठवायचं आणि वाट बघत बसायचं. निकाल यायचा: स्वच्छ. पुन्हा पाठवायचं, पुन्हा स्वच्छ. साप म्हणून भुई धोपटणं ते हेच. मस्कतला बसून उंटावरून शेळ्या हाकणारे बांधकाम कंपनीचे ते प्रोजेक्टचे साहेब फोनवर खूश. "बघा मॅडम, मी म्हणत नव्हतो?" मी फोन ठेवून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. कारण वस्तीत तर मुलं ओकतच होती.

खायचं काय, तेही विचारलं होतं मी. भात, खजूर, ताजी मासळी आणि सुकी मोरी. मोरी तर कायमचीच. फक्त सून ती खात नसे. वासानेच तिला मळमळायचं आणि त्यावरून खाला तिला बोलत राहायची. मला हसू यायचं. आमच्याकडेही अगदी हेच. बाळंतिणीला दूध यावं म्हणून सुकी मोरी घालतात, लसूण, मिरी लावून. आईने मोरीच्या सगळ्यात जाड तुकड्या बाजारात कधी विकल्या नाहीत. कुणाची लेक माहेरी आली की तिथे न्यायची, पैसे न घेता. खालाच्या वस्तीतही तोच रिवाज, तेच म्हणणं, मोरीने दूध उतरतं. एवढ्या लांब येऊन आईचीच वाक्यं अरबीत ऐकायची, मला फार बरं वाटायचं.

एकदा खालाने चाचांपुढे एक गाठोडं ठेवलं. आत मोरी होती, जाड जाड पट्ट्या, मिठाने पांढऱ्या झालेल्या. सुनेच्या बाळंतपणासाठी तिने बाजूला काढून ठेवलेली.

चाचा म्हणाले, "नको खाला, तुझ्या सुनेची हाय ती."

"तुझी लेक आधी बाळंत होणार," खाला म्हणाली. "माझ्या सुनेला वेळ आहे. तिच्यासाठी मी नवी घालीन. तू आम्हाला एवढं दिलंस, आम्ही तुला काय दिलं?"

काय दिलंय, असं मी तेव्हा विचारलंसुद्धा नाही. देत असतील साखर, चहा, स्टोअरातली दोरी, असं वाटलं. चाचांचा हात सढळ. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या गावचा एक माणूस सुट्टीवर चालला होता. ती मोरी त्याच्या बॅगेत गेली. एवढ्या वासाची वस्तू नेतोय म्हणून सगळ्या कॅम्पने त्याची टर उडवली.

तो सगळा काळ खरीफच्या, म्हणजे तिकडच्या मान्सूनच्या, वाऱ्याचा होता. त्या किनाऱ्यावर तेव्हा असा वारा सुटतो की माणसालाच उभं राहायची पंचाईत, माशीची काय कथा. मी वस्तीत जायचे ती डोळ्यांपुढे ओढणी धरून. मग एका सकाळी वारा पडला. एकदम. आणि कुठून कुठून माश्या आल्या.

खालाच्या दारात आम्ही बसलो होतो. खजुरावर माश्या, कहव्याच्या पेल्याच्या काठावर माश्या, निजलेल्या शेळीच्या डोळ्यांत माश्या. चाचा वैतागून हातवारे करत होते. माझाही हात आपोआप हलायला लागला, बाजारात हलायचा तसाच. आणि तो हलता हात मध्येच थांबला.

समोर दोरीवर मोरी वाळत होती. नुकतीच मिठातून काढलेली, ओली, पाणी गळत होतं. तिच्यावर एकही माशी नव्हती.

अगो बाई, मी मनात म्हटलं, हे कसं? ओल्या मोरीवर माशी नाही? माझं बालपण गेलं त्या माश्यांत! मी उठून दोरीपाशी गेले. एक माशी येऊन पट्टीवर बसली. उडाली नाही. जरा चालली आणि खाली वाळूत पडली. पाय झाडत होती. मी वाकून पाहिलं तर दोरीखाली अशा कितीतरी पडलेल्या.

खाला मागे येऊन उभी राहिली होती. ती खुशीत म्हणाली आणि चाचांनी तितक्याच खुशीत मला सांगितलं, "ती म्हनते, ड्रम आल्यापासून मोरीला कीड नाय, माशी नाय. आदी जुन्या होडीत मीठ घालायची, किडे पडायचे. माजं भलं होवो म्हनते."

"कुठले ड्रम, चाचा?"

त्यांनी घराच्या मागे नेलं. निळे प्लास्टिकचे, झाकणाचे मोठे ड्रम, सावलीत ओळीने मांडलेले. आत मीठ आणि मोरी. लेबलं खरवडून काढलेली, एका ठिकाणी कोपरा राहिला होता. कवटीचं चित्र अर्धं दिसत होतं.

"यात काय होतं आधी?"

"तां वालवीचा औषद गो. बिल्डिंगच्या पायाखाली ओततत तां." ते अजून हसतच होते. "खाली झालेले ड्रम नुसते पडून होते. गाडी नेनार नेनार म्हनून वरीस झालं, कोन येतंय? हितं बिचाऱ्यांकडं मिठाला भांडं नाय. सोड्याने धुऊन दिले मी. आपल्याकडं नाय, आंब्याच्या कलमांना फवारल्यावर डबे धुऊन पान्याला वापरत?"

वापरतात. आमच्याही घरी होता तसला डबा, न्हाणीघरात. त्यावर मी काय बोलणार? मी एवढंच म्हटलं, "चाचा, ते धुऊन जात नाही. प्लास्टिकात मुरतं आणि मिठाच्या पाण्यात परत बाहेर येतं. मुलं ओकतायत ती यानेच. शेळ्या मेल्या त्याही हे तुकडे खाऊन. खालाला सांगा, सगळं पुरायचं. आत्ता. सुनेच्या तोंडी एक तुकडा जाता कामा नये."

चाचा माझ्याकडे बघत राहिले. खाला त्यांच्याकडे. तिला वाटलं, मी काहीतरी चांगलं बोलले असेन. मला भीती वाटली की ते सांगणार नाहीत, किंवा थोडं कमी करून सांगतील. मी काय ओळखणार होते? पण त्यांनी सांगितलं. त्यातला एक शब्द मला कळत होता, तो ते सारखा म्हणत होते, छातीवर हात मारून: अना, अना. मी, मी.

खालाच्या डोळ्यांत काय होतं, बुरख्यातून नीट दिसलं नाही. तिने सुनेला आत जा म्हटलं. मग तिने स्वतः पहिला ड्रम लाथेने आडवा केला.

तेव्हा चाचा एकदम खाली बसले. वाळूतच. "बाय गो," ते म्हणाले, "माज्या पोरीकडं गेली ती."

लेक तीन आठवड्यांची बाळंतीण होती.

कॅम्पात फोनला रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ लागायची. तिथे उभं राहून चाचांनी घरी फोन लावला. चाची आनंदात होती. मला तिचं सगळं ऐकू येत होतं. मोरी कशी छान होती, पोरगी रोज खाते, दूध कसं धो धो येतंय. पोरीला जरा गरगरतं, तोंडाला पाणी सुटतं, पण बाळंतिणीला अशक्तपणा असायचाच. आणि बाळ? "बाल लय गुनी हाय," चाची म्हणाली. "रडतच नाय. नुसतं निजून असतं."

मी चाचांच्या हातातून फोन ओढला. मी चाचीवर ओरडले, होय, ओरडले. बाळाला आत्ताच्या आत्ता सिव्हिलला न्या, आईलाही न्या, डॉक्टरला वाळवीच्या औषधाचं नाव सांगा, मी सांगते ते लिहून घ्या, आधी दूध पाजायचं बंद करा. तिकडून ती नुसतं विचारत राहिली, "तू कोन गो? तू कोन?"

गाडी मिळेपर्यंत आणि नेईपर्यंत जायचा तो वेळ गेलाच. लेक वाचली. बाळ राहिलं नाही.

ते मोरीनेच गेलं का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तिथल्या डॉक्टरने कागदावर काही वेगळंच लिहिलं, आणि त्या एवढ्याशा जिवाचं रक्त तपासायला कोण देणार होतं? मस्कतच्या लॅबने मोरीत वाळवीचं औषध सापडल्याचं कळवलं, भरपूर सापडल्याचं. बाळाबद्दल माझ्याकडे पुरावा नाही. माझ्या धंद्यात पुरावा नसला की गप्प बसायचं असतं. जळ्ळं मेलं ते शास्त्र, असं मी त्या दिवसांत कितीदा म्हटलं असेल.

कंपनी सुटली. समुद्र स्वच्छ, सांडपाणी स्वच्छ, दोष एका स्टोअरकीपरचा, त्याने न विचारता ड्रम दिले. नियम होता म्हणे, रिकाम्या ड्रमला भोक पाडून घातक कचऱ्याच्या गाडीत द्यायचा. गाडी वर्षभर का आली नाही, हे मी मीटिंगमध्ये विचारलं. साहेब म्हणाले, "मॅडम, तो वेगळा विषय आहे." मी म्हटलं, "तोच विषय आहे," आणि आवाज चढवला. पुढच्या कामावर मला घेतलं नाही. चाचांना तिकीट हातात देऊन पाठवून दिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. ते तसेही थांबणार नव्हतेच. जाताना मला म्हणाले, "बाय, त्यांना सांगू नको हां. खालाला. ती मरंल."

"काय सांगू मग?"

"काय पन सांग. तिनं आपल्या सुनेच्या तोंडचं काडून दिलंन गो."

काही महिन्यांनी शेवटचे नमुने घ्यायला मी आणखी एकदाच वस्तीत गेले, मस्कतच्या ड्रायव्हरला घेऊन. दुभाषी नव्हता. कंपनीने फोटो काढून नवे पांढरे ड्रम दिले होते. मुलं धावत होती, ओकत नव्हती. दोरीवर नवी मोरी होती आणि तिच्यावर माश्यांचा थर बसला होता. खालाने मला हात धरून तिथे नेलं आणि बोटाने दाखवलं, बघ, बसल्यात. हल्ली माश्या बसेपर्यंत ती मोरी कुणाला खाऊ देत नव्हती. बाजूला सून बसली होती. मांडीवर मुलगा, चांगला गुटगुटीत, गळा काढून रडत होता. त्या रडण्याचा मला इतका आनंद झाला आणि त्याच क्षणी इतका राग आला की मी तोंड फिरवलं.

खालाने चहा दिला. मग ती जवळ सरकली आणि चाचांचं विचारलं. गेले, मी म्हटलं, घरी. तिने मान हलवली. मग माझ्या मोडक्या अरबीला कळावं म्हणून सावकाश, एकेक शब्द सुटा करून तिने विचारलं, त्याच्या लेकीला दूध आलं का?

बाळ गेल्यानंतर चाची मला फोनवर रडत सांगायची, पोरीची छाती दगडासारखी भरून येते, पाजायला कोणी नाही, न्हाणीत जाऊन पिळून टाकते. थांबतच नाही म्हणायची, काय करू?

"आलं, खाला," मी म्हटलं. "खूप आलं."

"अल्हम्दुलिल्लाह," ती म्हणाली. मग उठून आत गेली आणि मोरीचं एक गाठोडं घेऊन आली. जाड पट्ट्या निवडून काढलेल्या. तिने ते माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, हे त्याच्या लेकीला पोचव, पुढच्या बाळासाठी.